शनिवारी अकराला थेरपीचं पहिलं सेशन आहे. काय विचारतील, काय सांगू?

प्रश्न थोडक्यात असा. वय 27, गाव खानापूर तालुक्यात, बेळगावातल्या एका खासगी मराठी शाळेत शिक्षिका, राहायला अनगोळात मावशीकडं. दीड वर्षापूर्वी वडील वारले. तेव्हापासून रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, फळ्याकडं तोंड करून उभं राहिलं की पुढचा शब्द आठवत नाही. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी टिळकवाडीतल्या एका खासगी थेरपिस्ट बाईंचं नाव सुचवलं आणि शनिवारची वेळ मिळाली. बाई कन्नड आहेत, मराठी येतं म्हणे. घरात स्थळं बघताहेत. विचारणं असं की तिथं नेमकं काय होतं, रडू आलं तर काय, कुणाला कळलं तर काय, आणि किती दिवस जावं लागतं. पत्राच्या शेवटी कंसात एक वाक्य आहे: 'कधी कधी वाटतं, झोपले ती उठूच नये.'

मीही बेळगावात 22 वर्षं थेरपीचंच काम करते. तुमचं ते कंसातलं वाक्य आधी कंसातून बाहेर काढू. शनिवारी पहिल्या दहा मिनिटांतच ते सांगा. माझ्याकडं येणारे बरेच जण पंचेचाळीस मिनिटं झोपेबद्दल, पित्ताबद्दल, सासूबद्दल बोलतात. घड्याळाकडं बघून मी वही मिटायला लागले की दाराच्या कडीला हात लावून म्हणतात, 'मॅडम, एक सांगायचं राहिलं.' राहिलेलं तेच खरं असतं, आणि त्याला वेळ उरलेला नसतो. थेरपिस्ट बाई तुम्हाला सरळ विचारतील: मरणाचे विचार येतात का, कसं करायचं हे डोक्यात आलंय का, आधी कधी काही केलंय का. ऐकून दचकू नका. विचारल्यानं असले विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. उलट कुणीतरी न घाबरता विचारलं म्हणूनच माणसाला हलकं वाटतं. असा विचार बोलून दाखवण्यात पोलिसांचा काही संबंध नाही, तो गुन्हाही नव्हे. शनिवारच्या आधीच तो विचार जोरात आला, तर शनिवारची वाट बघू नका. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि सुरुवातीलाच भाषा निवडता येते. फोनवर भागणार नाही असं वाटलं तर मावशीला उठवा आणि सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा.

आता शनिवारचं.

गेल्यावर बहुतेक एक फॉर्म हातात देतील. नाव, वय, पत्ता, आधीचे आजार, चालू गोळ्या, आणि अडीनडीला कुणाला फोन करायचा. या शेवटच्या रकान्याशी पेन अडतं. मावशीचा नंबर दिला तर मावशीला कळणार का? नाही. जिवावर बेतलं तरच तो नंबर लावायचा असतो. मावशीचाच द्यायला पाहिजे असंही नाही, शाळेतली विश्वासाची मैत्रीण चालते. दुसरा कागद संमतीचा असेल. तो वाचून सही करा. बँकेच्या फॉर्मवर करतो तशी फुली दिसेल तिथं सही नको. त्यात गुप्ततेचं, फीचं आणि वेळेवर आला नाहीत तर काय याचं लिहिलेलं असतं. कागद दिलाच नाही, तर या तिन्ही गोष्टी तोंडी विचारा.

काही ठिकाणी प्रश्नावली भरून घेतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची आहे, गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं ते विचारते, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण 27. तिचा नववा प्रश्न तुमच्या त्या कंसातल्या वाक्याचाच आहे. चिंतेसाठी जीएडी-7, सात प्रश्न, एकूण 21. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम सांगते, इथं 'चांगला रिझल्ट' लावायला जाऊ नका. कमी दिसावं म्हणून लोक तीनच्या जागी एक लिहितात, मग तीन महिन्यांनी सुधारणा मोजायची कशाशी? शिवाय हा आकडा म्हणजे निदान नाही. तापाला थर्मामीटर लावतो तेवढंच त्याचं काम.

मग बोलणं. साधारण पन्नास मिनिटं. कधीपासून, कसं सुरू झालं, आताच का आलात, झोप, भूक, पाळी, घरात कोण कोण, गावाकडं आई एकटी आहे का, वडील कसे गेले. शरीराचं इतकं का विचारतात असं वाटेल. थायरॉईड कमी असलं की माणूस मंद आणि उदास होतो, जास्त असलं की छाती धडधडते. रक्त कमी असलं तरी धडधडतं, बी-12 कमी असलं तर विसरायला होतं. नुसता ईसीजी झाला असेल तर शनिवारच्या आधी डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-12 करून घ्या आणि रिपोर्ट बरोबर न्या. मनाचं म्हणून दोन वर्षं बोलत राहायचं आणि शेवटी थायरॉईड निघायचं, असं मी बघितलंय. धडधडीसाठी किंवा झोपेसाठी कुणी गोळी दिली असेल, अगदी शेजारणीनं दिलेली अर्धी असली तरी, तिची पट्टी घेऊन जा.

रडू येईल. येऊ द्या. हातरुमाल विसरलात तरी तिथं टिश्यूचा डबा असतो, आणि तो मुद्दाम पेशंटच्या हाताशी ठेवलेला असतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा एक गडी माझ्यासमोर पहिल्या दिवशी अर्धा तास रडला (या उत्तरातली उदाहरणं दोन-तीन माणसं मिसळून, खुणा बदलून दिलेली आहेत). जाताना म्हणतो, 'सॉरी मॅडम, तुमचा टाईम खाल्ला.' मी म्हटलं, 'टाईम तुमचाच की वो, पैसे भरलाय.' आणि रडू आलंच नाही, तरी त्यात काही चुकलं असं नाही. काहींना पाचव्या वेळी येतं, काहींना कधीच नाही.

एका गोष्टीनं मात्र पहिल्या दिवशी हिरमोड होण्याचा संभव आहे. थेरपिस्ट 'असं कर, तसं कर' सांगणार नाहीत. आपल्याकडं थोरामोठ्यांकडं जायचं ते सल्ला घ्यायलाच, त्यामुळं लोक शेवटी हात जोडून म्हणतात, 'आता तुम्हीच काय ते सांगा.' वडील गेल्यावर तेराव्यापर्यंत तुम्हाला किती सल्ले मिळाले ते आठवा. मनाला लावून घेऊ नको, आईकडं बघून धीर धर, कामात मन गुंतव, लग्न झालं की सगळं विसरशील. सल्ल्यानं भागणार असतं तर दीड वर्षात भागलं असतं. या खोलीत तुमचं वाक्य मध्येच तोडून कुणी स्वतःच्या चुलत्याची गोष्ट सुरू करणार नाही. मध्ये गप्प बसण्याचे प्रसंगही येतील. अर्धं मिनिट शांतता म्हणजे आपल्याकडच्या माणसाला युग वाटतं. ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही.

तयारी म्हणून वहीचं अर्धं पान लिहा, पुरे. काय होतं, कधी होतं, काय बंद पडलंय. 'मला डिप्रेशन आहे' असं लिहू नका, ते त्यांना ठरवू द्या. 'आठवी ब च्या वर्गात तिसऱ्या तासाला हात थरथरतो' असं लिहा.

आता जे कुणी सांगत नाही ते. पहिल्या दोन-तीन वेळा त्या तुम्हाला जेवढं तपासतात तेवढंच तुम्ही त्यांना तपासायचं असतं. लग्नाचा बस्ता बांधायला शहापुरात गेलेली बाई साडीचा काठ उलटा करून बघते, जरतार नखानं खरवडते, दुकानदाराला दहा प्रश्न विचारते. तीच बाई मनाचं बोलायला येते तेव्हा समोरच्याचं शिक्षण काय हे विचारायला लाजते. विचारा. लाज वाटायला पाहिजे ती उत्तर टाळणाऱ्याला.

विचारायचं काय, तर थोडं माहीत असू द्या. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएस होऊन पुढं मानसोपचाराचं शिकलेले डॉक्टर, गोळ्या तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रातले, थेरपी करतात, चाचण्या घेतात, गोळ्या लिहीत नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असावी लागते, 1992 च्या कायद्यानं. नंबर विचारला तर ते खुशीनं सांगतात. ही नोंद देशभर चालते, त्यामुळं कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तज्ज्ञांशी ऑनलाईन बोलायचं म्हटलं तरी आपल्या सीमेचा प्रश्न तिथं येत नाही. समुपदेशक म्हणजे कौन्सेलर या शब्दाखाली मात्र सगळंच येतं. एमए, एमएसडब्ल्यू करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारेही त्यात आहेत आणि पंधरा दिवसांचा ऑनलाईन कोर्स करून बोर्ड लावणारेही. सायकॉलॉजिस्टसह इतर आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी 2021 साली केंद्राचा वेगळा कायदा झालाय, पण गल्लीतले बोर्ड त्यानं एका रात्रीत उतरत नाहीत. म्हणून तीन प्रश्न: काय शिकलात, कुणाच्या हाताखाली काम केलंत, माझ्यासारखी माणसं आधी बघितलीत का.

आणि हे दिसलं तर दुसऱ्यांदा जाऊ नका: पहिल्याच दिवशी 'वीस सेशनचं पॅकेज, आगाऊ भरा', 'तुमच्या काकांना मी चांगलं ओळखतो', रात्री अकराला गुड नाईटचे मेसेज, धीर द्यायच्या नावाखाली अंगाला हात, 'तीन बैठकांत गॅरंटी'. थेरपिस्ट तुमच्या मैत्रीण होणार नाहीत, लग्नाला बोलावलंत तरी बहुधा येणार नाहीत. फीशिवाय पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा माझाही नियम आहे. कुंद्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईच्या बाबतीत तो दोनदा मोडलाय.

कळण्याची भीती. मुंबईत थेरपिस्टकडं जाणाऱ्याला जिन्यात ओळखीचं कुणी भेटत नाही. आपल्याकडं आरपीडी क्रॉसवर रिक्षातून उतरलं तरी कुणीतरी म्हणतं, 'काय बाई, इकडं कुठं?' तुमची भीती खोटी नाही, ती काढून टाका असं मी सांगणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, आत बोललेलं बाहेर जाणं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, 2018 पासून लागू आहे, त्याच्या कलम 23 नं गुप्तता हा तुमचा हक्क केलाय. तुम्ही सज्ञान आहात. मावशी, भाऊ, शाळेचे हेडसर, होणारी सासू, कुणी फोन करून विचारलं तरी 'ती इथं येते' एवढंसुद्धा सांगायचं नसतं. अपवाद थोडे आहेत आणि ते तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, कोर्टाचा हुकूम, आणि लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार, जो पॉक्सो कायद्यानं कळवावाच लागतो. शिक्षिका म्हणून हा शेवटचा तुम्हालाही लागू आहे, माहीत असेलच.

दोन, दारात कुणी बघणं. याला कायदा काही करू शकत नाही, पण फोनवर विचारता येतं: दोन पेशंटच्या मध्ये मोकळी वेळ ठेवता का? रिसेप्शनला कोण बसतं? माझ्याकडं पूर्वी एक मुलगी बसायची, चांगली होती बिचारी. पण ती वडगावची, आणि वडगावच्या विणकर गल्लीतल्या एका बाई तिला बघून जिन्यातूनच परत गेल्या. मला हे कळायला आठ महिने लागले. तेव्हापासून पेशंटचं पूर्ण नाव बाहेरच्या रजिस्टरात लिहीत नाही, वेळा मीच देते. तुमच्या बाबतीत असं काही झालं तर गुपचूप माघारी फिरू नका, थेरपिस्टना फोन करा आणि सांगा.

ऑनलाईनचा पर्याय आहेच. पण तो घ्यायचा तर बसायचं कुठं हे आधी ठरवा. मावशीच्या घरात स्वयंपाकघर आणि तुमची खोली यांच्यामध्ये पडदाच असेल तर तुम्ही पन्नास मिनिटं 'हं, हो, बरं' एवढंच बोलाल. लोक गाडीत बसून बोलतात, गच्चीवर बोलतात. कणकुंबी-जांबोटीकडचे माझे एक पेशंट रेंज मिळते म्हणून देवळाच्या पायरीवर बसायचे आणि कुणी आलं की विम्याच्या हप्त्याबद्दल बोलायला लागायचे. पहिल्यांदा मला काही कळेना. तुम्हाला चालत जाण्याजोगं आहे, तर पहिल्या दोन-तीन वेळा समोरासमोरच जा.

भाषा. यावर जरा थांबते, कारण आपल्या भागात हा प्रश्न पुण्याच्या माणसाला कळणारच नाही असा आहे. बाई कन्नड आहेत म्हणून नाही म्हणू नका, आणि त्यांना मराठी येतं म्हणून निर्धास्तही होऊ नका. भाजी घ्यायला पुरणारं मराठी वेगळं, वडिलांचा शेवटचा दिवस सांगायला लागणारं वेगळं. आपल्या दोन भाषांत दिसायला सारखे शब्द आहेत, तेच जास्त फसवतात. 'बेजार' घ्या. मराठीत बेजार म्हणजे त्रासून, कंटाळून गेलेला. कन्नड माणूस 'बेजारु' म्हणतो तेव्हा त्याला वाईट वाटलेलं असतं, मन दुखावलेलं असतं. 'संकट' आपल्याकडं बाहेरून घरावर येतं, कन्नडमध्ये ते आत होतं, जिवाची कालवाकालव होते त्याला संकट म्हणतात. सुरुवातीच्या काळात एका बैलहोंगलच्या आजी मला 'भाळ संकट आगतैती' (फार संकट होतंय) म्हणत राहिल्या आणि मी त्यांना काय अडचण आली, कुणी काय केलं, असं विचारत बसले होते. त्या काय झालं ते सांगत नव्हत्या, कसं वाटतंय ते सांगत होत्या.

म्हणून शनिवारी 'मला बेजार वाटतं' म्हणालात तर पुढं जोडा, बेजार म्हणजे कसं. जीव घाबरा होतो, पोटात गलबलतं, डोकं सुन्न होतं, अंगातलं त्राण जातं, हे आपल्या आईच्या तोंडचे शब्द वापरा. बाईंना कळलं नाही तर त्या विचारतील, आणि चांगल्या थेरपिस्टला असं विचारायला कमीपणा वाटत नाही. इंग्रजी मिसळलं तरी हरकत नाही. फक्त एवढं बघा की वडिलांचं आलं की तुम्ही इंग्रजीत जाता का. 'फादर एक्स्पायर झाले' म्हणणं सोपं असतं. 'आप्पा गेले' म्हणताना घसा दाटतो. एखादी भाषा आपण कशापासून लांब राहायला वापरतो हे आम्ही कान देऊन ऐकतो. तीन वेळा जाऊनही सांगणं पोचत नाही असं वाटलं, तर त्यांनाच मराठी बोलणाऱ्या तज्ज्ञांचं नाव विचारा. बोर्डावर कुठली भाषा वर यावरून आपल्या गावाचं डोकं तापतं, 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषकांचा काळा दिवस एकाच शहरात असतात, त्या दिवशी मी क्लिनिकच बंद ठेवते. पण आत खोलीत भाषा बदलून मागितली म्हणून कुणी थेरपिस्ट रुसल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुढं काय होतं? साधारण आठवड्याला एक बैठक. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मिळून ठरतं की कशासाठी काम करायचं. 'मला बरं वाटू दे' हे पुरत नाही. 'फळ्यावर लिहिताना थांबले तरी वर्ग सोडून बाहेर जाणार नाही' हे पुरतं. तुमच्या पत्रावरून निदान करणार नाही, पण धडधड, हात थरथरणं, शब्द न आठवणं यावर बहुतेक विचार-वर्तन पद्धतीनं काम होईल. धडधड म्हणजे हार्ट अटॅक नव्हे हे तुम्हाला ईसीजीनं सांगितलंय, पण शरीराला पटलेलं नाही. धडधडलं की 'आता पडणार' असा विचार येतो, त्यानं आणखी धडधडतं, मग तुम्ही फळ्याकडं जायचं टाळता, आणि टाळल्यामुळं सुटलो असं वाटून पुढच्या वेळी फळा आणखी मोठा दिसतो. हे चक्र कागदावर काढतात आणि थोड्या थोड्या पायऱ्यांनी उलटं फिरवतात. त्यासाठी घरचा अभ्यास मिळतो. शिक्षिका गृहपाठ करत नाहीत हा माझा अनुभव आहे, रागावू नका. नाही केला तर खोटं बोलू नका, का झाला नाही यातूनही बरंच निघतं.

दुःखाचं काम याहून वेगळं आणि संथ. वडील वारलेली एक मुलगी माझ्याकडं सहा वेळा आली आणि परीक्षेबद्दलच बोलली. सातव्या वेळी म्हणाली, त्यांचा मोबाईल अजून चार्ज करते. त्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. असा मोबाईल, चष्मा, टोपी, काही तुमच्याकडंही असेल.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर आधीपेक्षा वाईट वाटू शकतं. जुनी जखम धुतल्यासारखं झोंबतं, थकवा येतो, दिवसभर मळभ राहतं. एक-दोन दिवसांत उतरतं. उतरलं नाही तर पुढच्या शनिवारची वाट न बघता कळवा. शक्य असेल तर सेशननंतर लगेच तास घेऊ नका, किंवा पाहुणे बघायला येणार आहेत अशी संध्याकाळ तरी नको.

किती दिवस? धडधडीसारख्या एका मुद्द्यावर काम असेल तर साधारण आठ ते बारा बैठका, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. जुनं आणि खोल असेल तर जास्त. चौथ्या-पाचव्या वेळी थांबून विचारा, 'आपण कुठंवर आलो?' त्यांचं एखादं म्हणणं पटलं नाही तर तोंडावर सांगा. मोठ्यांना उलट बोलायची सवय नसलेल्या बायकांना माझ्यापुढं 'मॅडम, तुमचं हे मला नाही पटलं' म्हणायला महिने लागतात, आणि ज्या दिवशी म्हणतात त्या दिवशी घरातही काहीतरी हललेलं असतं.

गोळ्यांचं. थेरपिस्ट लिहिणार नाहीत, पण झोप फारच मोडली असेल किंवा ते कंसातलं वाक्य वारंवार येत असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवतील. त्याचा अर्थ थेरपी हरली असा नाही, दोन्ही बरोबर चालतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायच्या नसतात. त्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची, ज्या आपल्याकडं जुन्या चिठ्ठीवर सर्रास आणल्या जातात. आई सौंदत्तीच्या डोंगराला नवस बोलली असेल तर जाऊन या. मी कुणाला यल्लम्माला जाऊ नको म्हणत नाही, अंगारा लावून गोळी बंद करू नका एवढंच म्हणते.

पैसे. मी एका बैठकीचे 800 घेते, विद्यार्थ्यांना निम्मे. कमी घेणारे आहेत, दुप्पट घेणारेही आहेत. आधी फोनवर विचारा, खासगी शाळेचा पगार किती असतो ते मला ठाऊक आहे. दर आठवड्याला झेपत नसेल तर स्पष्ट सांगा, पंधरा दिवसांनी ठेवता येतं. न सांगता जाणं बंद करणं हा आपल्याकडचा सभ्य मार्ग, पण त्यात नुकसान तुमचं. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं त्याच 2017 च्या कायद्यात आहे, मात्र बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात, बाहेरून जाऊन बोलण्याचे नाही. खासगी परवडलंच नाही तर सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे, नेहरूनगरला केएलई हॉस्पिटलात आहे, आणि धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय बसनं दोन तासांवर. तिथं गर्दी असते, पन्नास मिनिटं मिळतील असं नाही, पण तपासणी आणि औषधाला खोट नाही.

लग्नाचं. थेरपीला जाणं कुठल्या सरकारी कागदावर चढत नाही, नोकरीत दिसत नाही, आधारला जोडलेलं नसतं. होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं की नाही हे शनिवारी ठरवायचं काम नव्हे. बैठकीत आणा. माझं मत विचाराल तर दोन-चार भेटी झाल्यावर, माणूस बरा वाटला तर, 'वडील गेल्यावर मला त्रास झाला, मी मदत घेतली' एवढं सांगून त्याचा चेहरा बघावा. स्थळाबद्दल यातून कळतं तेवढं पत्रिकेतून कळत नाही. पण हे मत माझं, आणि लग्न तुमचं.

राहिली मावशी. शनिवारी अकराला कुठं चाललीस, हे ती विचारणारच. खोटं रचायचं तर दर आठवड्याला नवं रचावं लागेल, आणि मावश्यांची स्मरणशक्ती या कामात दांडगी असते. 'झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी एका बाईंकडं पाठवलंय' हे खरं आहे आणि पुरेसं आहे. 'मी पण येते' म्हणाली तर बाहेर बसवा. आत पहिल्या दिवशी एकट्याच जा. शुक्रवारी रात्री 'जाऊच नये' असं वाटायला लागेल, बहुतेकांना वाटतं. तेव्हा वेळ रद्द करायचा मेसेज लिहा हवा तर, पण पाठवायचा सकाळी चहा झाल्यावर.